तळ

माझा मामा, सुपडू भारंबे. आधीची दोन गेली
म्हणून जन्मल्याबरोबर सुपात घालून ओढलेला.
भुसावळच्या लोको शेडमधून तो सुटला आणि
सिमेंटच्या जहाजावर फिटर म्हणून लागला.
जहाज कुठं जातंय ते कागदावर नव्हतं,
नुसते अंश, नुसत्या कला.

बेट एवढं अरुंद, तो सांगायचा,
की इकडं थुंकलं तर वारा तिकडच्या समुद्रात नेऊन टाकी.
आधी कुणी तिथं धक्का बांधला होता,
विमानाला पट्टी, माणसांना खानावळ, एक उंच मनोरा,
आणि सगळं कशासाठी, तर पापणी लवायच्या आत
त्यातलं काही राहू नये यासाठी.
मग वीस वर्षांनी आम्ही. झाडू घेऊन.

खिळासुद्धा बोटीतून.
प्यायचं पाणी बोटीतून, कांदे बोटीतून,
चौदा डोझर, आणि पोती एक लाख बारा हजार.
पोत्याला चुकलो नाही, म्हणायचा मामा,
आणि कपाळावरची माशी उडवायचा.

चार बोटं माती खरवडायची.
बार्जवर चढवायची, बॉम्बनं पाडलेल्या खड्ड्याशी न्यायची,
सिमेंटात कालवून ओतायची.
पिवळ्या दोराच्या अलीकडे जेवण, पलीकडे काम,
पलीकडचा बूट पलीकडेच राहील.
ट्रकची चाकं धुवायची. गोडं पाणी मोजकं,
म्हणून समुद्राच्या पाण्यानं,
आणि ते पाणी कुठं गेलं हे मले पुसू नको.

छातीवर फिल्मचा बिल्ला.
महिन्याला गोळा व्हायचे, धुवायला दूर जायचे.
आकडा कधी परत आला नाही.
शेवटचा बिल्ला मामानं दिलाच नाही.

खड्डा भरला. वर घमेल्यासारखं पालथं झाकण.
मामानं साहेबाला विचारलं, झाकण झालं, तळ?
साहेब म्हणाला, टेंडरमध्ये तळ नाही.
भरतीला आतून पाणी चढायचं,
विहिरीला झरा फुटावा तसं,
आणि ओहोटीला उतरून जायचं. कुठं?
मामा पुढं बोलत नसे. पानपुडा उघडायचा.

सावद्याला केळीवर व्हायरस आला त्या साली
तो अडुसष्टचा होता.
पानांवर पिवळ्या रेघा, पोंगा सडलेला,
साहेब लोकांचा कागद: उपटा, पुरा.
लोक उपटून बांधावर टाकत होते, नाल्यात टाकत होते,
त्याच कोयत्यानं पुढच्या बागेत शिरत होते.
मामा सायकलवर दोराचं भेंडोळं घेऊन आला.

दोराच्या अलीकडे चहा.
पलीकडे उपटणारे आठ जण, ते अलीकडे यायचे नाहीत.
कोयते ब्लीचिंगच्या बादलीत.
ट्रॅक्टर रिकामा परतला तरी चाकं धुवा,
आणि ते पाणीही खड्ड्यातच.
पोरं हसली. दुपारपर्यंत हसली.

खड्डा झेंडू कोल्हेच्या पडीक रानात,
जेसीबीनं आठ फूट.
खोडं टाकायच्या आधी मामा शिडीवरून उतरला.
चिकणमाती मागवली, एक ट्रॉली, मग आणखी एक,
आणि तळाला थापत बसला,
तळहातानं, चूल सारवावी तसा.

झेंडू वरून ओरडला,
काका, केळं ते, सडीन आन खत व्हईन,
तळ कशाले पाह्यजे?
मामा वर न बघता म्हणाला,
मले माहीत आहे रे बापा.
माह्याकडून कराचा राह्यला व्हता.

तो गेला तो मोटारसायकलच्या धक्क्यानं, रावेर रस्त्यावर.
डॉक्टरांना त्यात वेगळं काही दिसलं नाही,
आणि मीही काही सांगितलं नाही.
बिल्ला माझ्याकडे आहे, बैलाच्या घुंगरांच्या डब्यात.
तो धुवायला कुठं पाठवायचा ते
मला कुणी सांगितलेलं नाही.

खड्ड्यावर झेंडू आता तूर घेतो.
म्हणतो, बाकी रान भेगाळलं तरी
तेवढ्या तुकड्यात ओल चार दिवस जास्त राहते,
काय की, कशानं.